फसलेली शिष्टाई

माणसाला आयुष्यात दोन गोष्टी आल्याच पाहिजेत, असं आमचे तीर्थरूप म्हणत. एक पोहणं आणि दुसरं बोलणं. आमच्या दर्यापुरात चंद्रभागा आहे, पण ती पंढरपूरच्या चंद्रभागेची नुसती नामबहीण. वर्षातले बरेच महिने तिच्यात म्हैससुद्धा नीट डुंबू शकत नाही. त्यामुळं पोहणं राहून गेलं. बोलणं का राहून गेलं, याला मात्र माझ्याकडे असं काही भौगोलिक कारण नाही.

मी कोणाला काही पटवायला गेलो, की ते हमखास पटत नाही. दोडक्याचा भाव कमी करा म्हटलं, की भाजीवाली तो वाढवते. मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा वडीलधाऱ्यांनी "विचारा काही विचारायचं असेल तर" असं म्हटल्यावर मी घाबरून "आपलं खातं कोणत्या बँकेत आहे?" असं विचारलं होतं. लग्न झालं, ते मामांनी मध्ये पडून सावरलं म्हणून. (आजही माझं काही चुकलं की सौ. फक्त "खातं कोणत्या बँकेत आहे?" एवढंच म्हणते. पुढं वाद होत नाही.)

तर अशा माणसाला गेल्या दिवाळीत घरच्या पोरांनी शिष्टाईला पाठवलं. तीही एका राक्षसाच्या किल्ल्यात.

झालं असं, की चिरंजीव पुण्याहून आले ते बॅगेत फासे घेऊन. कपडेही होते, पण ते धुवायचे. फासे मात्र लखलखीत. आपला सहा बाजूंचा होताच. शिवाय चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे. शकुनीमामांना एवढा माल मिळाला असता, तर पांडवांचा वनवास बारा वर्षांवर थांबला नसता. सोबत माझा पुतण्या होता. ही दोघं भावंडं पुण्यात एकाच खोलीत राहतात. त्यांच्या बापांनी, म्हणजे दादानं आणि मी, २०१३ पासून एकमेकांशी बोलणं टाकलं आहे, त्याचा त्यांच्यावर काही परिणाम नाही. पोरांना आम्ही कधी अडवलं नाही. तेवढी अक्कल दोघांनाही होती.

या खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो काढला. त्यातला गायगॅक्स आधी विमा कंपनीत अंडररायटर होता आणि नंतर काही काळ बूट दुरुस्त करत होता, हे पुतण्यानं सांगितल्याबरोबर मला खेळाबद्दल एकदम आदर वाटू लागला. दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात ड्रॅगन येतात, हे मी स्वानुभवानं सांगू शकतो.

यात सोंगट्या असल्याच पाहिजेत असं नाही, पटही लागत नाही. एकानं 'डंजन मास्टर' व्हायचं. तो सगळी हकीकत सांगतो. म्हणजे धृतराष्ट्रापुढचा संजयच, फक्त शत्रूच्या बाजूनं काय घडेल तेही हाच ठरवतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि "मी असं असं करतो" म्हणायचं. ते जमलं की नाही, हे फासा सांगतो. मला बार्ड दिला. बार्ड म्हणजे साधारण आपला शाहीर. "काका, तुमचं काम बोलायचं," पुतण्या म्हणाला. सौ. स्वयंपाकघरातून हसली, तो आवाज मी ओळखला.

माझ्या शाहिराला कागदावर 'करिश्मा' नावाचा गुण १६ मिळाला होता. त्याचे अधिक तीन, सरावाचे अधिक दोन. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी. त्याला पटवायला बेरीज पंधरा हवी. मी बी.कॉम. असल्यामुळं हिशोब तोंडीच केला. फाशावर दहा किंवा जास्त आले की काम फत्ते. म्हणजे वीसपैकी अकरा वेळा दार उघडणार. याहून कमी भरवशावर मंजूर झालेली कर्जं मी पाहिलेली आहेत.

मी घसा साफ केला आणि पहारेकऱ्यापुढं तीन मिनिटं बोललो. आम्ही दुरून आलो आहोत, पाऊस पडतो आहे, आत आमचा मित्र आजारी आहे. चिरंजीवांच्या डोळ्यांत चक्क कौतुक दिसलं. मग फासा टाकला. एक पडला. एक आणि पाच, सहा.

"आज दार बंद हाये," पुतण्या पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणाला.

"बरं. येतो मग," मी म्हणालो. "माझा शाहीर परत गावाकडं निघाला."

सगळे माझ्याकडं बघत राहिले. मी चष्मा काढून पुसायलाही घेतला होता.

"काका, जाऊन कोठी राह्यले?" पुतण्या कळवळून म्हणाला. "गोष्ट संपली नाई ना अजून!"

चिरंजीवांनी मध्येच "मी टाकून पाहू का फासा?" असं विचारलं, त्यांच्या मित्रानंही हात पुढं केला. पण पुतण्या ठाम. एकाच मागणीसाठी रांगेनं सगळ्यांनी फासे टाकायचे नाहीत. कोणाचा तरी पडणारच, मग फाशाला अर्थ काय राहिला? परिस्थितीत काही बदल झाला तरच पुन्हा फासा. मला हे फार पटलं. आमच्याकडं खातेदार एक नंबरच्या खिडकीवर नाही ऐकतो, तोच प्रश्न घेऊन दोनवर जातो, तिथून तीनवर, आणि शेवटी नगरसेवकाला फोन लावतो. (नगरसेवकाचा फोन ही बदललेली परिस्थिती धरावी लागते.)

"अन् एक पडला म्हून तुमची फजिती झाली पाह्यजे असंही पुस्तकात नाई," पुतण्यानं आणखी सांगितलं. तलवार चालवताना एक पडला तर वार हुकलाच. बोलण्यात एक म्हणजे नुसता एक. बाकी जे काही हसं होतं, तो लोकांनी घरोघरी लावून घेतलेला नियम. हेही मला पटलं. माझी बरीचशी हशी याच घरगुती नियमात बसतात.

मग त्यानं वही दाखवली. पहारेकऱ्याच्या नावाखाली आधीच लिहून ठेवलं होतं: 'जमलं तर दार उघडेल. नाही जमलं तर दार बंद, पण पहारेकरी बोलायला लागेल.' काल रात्री त्यानं कोणाला तरी असंच दयेपोटी आत घेतलं होतं आणि त्याचा महिन्याचा पगार कापला गेला होता. आत घेतलेला तो माणूस कोण, हीच तर गोष्टीची पुढची गाठ. आणि माझा शाहीर ती न ऐकताच मूर्तिजापूरची गाडी पकडायला निघाला होता. (तीही शकुंतला. केव्हाच बंद पडलेली.)

फासा टाकण्याआधी, नकार आला तर काय होईल ते ठरवून ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. नुसती भिंत उभी करायची असेल, तर फासा टाकूच नये. पहारेकऱ्याला घरदार असतं, भीती असते, त्याचं काही दुखत असतं. हे ऐकताना मी जरा अस्वस्थ झालो, कारण वीस वर्षं मी स्वतःच पहारेकरी आहे. "सर्व्हर डाऊन आहे" म्हटल्यावर समोरचा म्हातारा निमूट वळतो. त्याला मी फार तर "तीन वाजता या" म्हणतो. तो कोणत्या खेड्यातून आला, परतीची एसटी किती वाजता, हे मी कधी विचारलं असेल तर शपथ.

जेवताना पुतण्यानं मोबाईलवर १९७४ च्या मूळ पुस्तिकेतला तक्ता दाखवला. समोरचा प्राणी तुमच्याशी कसा वागेल हे तेव्हा दोन साध्या फाशांवर ठरे. दोन ते पाच वाईट, सहा ते आठ अनिश्चित, नऊ ते बारा चांगलं. ताटाच्या कडेला बोटानं मी छत्तीस शक्यता मोजल्या. वाईटाच्या दहा, चांगल्याच्या दहा आणि अनिश्चिताच्या सोळा. म्हणजे जगात सर्वांत जास्त वेळा मिळणारं उत्तर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. ते 'बघू' आहे. आणि मी जन्मभर 'बघू' ऐकून घरी परत येत आलो.

आता इथं दादाची गोष्ट सांगणं भाग आहे. आमचं भांडण शेताच्या वाटणीत विहिरीवरून झालं. ज्यांना आमचा मुलूख माहीत आहे ते इथंच हसतील. कारण दर्यापूर हे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचं पाणी इतकं खारट, की ते सतत दिलं तर जमीनच खराब होते. पिकाला उपयोग नाही, पिण्याला नाही. त्या विहिरीसाठी दोन सख्खे भाऊ तलाठ्यासमोर एकमेकांना 'अहो-जाहो' करू लागले.

२०१६ च्या दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन त्याच्या दारात गेलो होतो. दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा, निवृत्तीला आलेला मास्तर. त्यानं मला लहानपणी 'लहान्या'शिवाय हाक मारली नाही. त्या दिवशी त्यानं दारातून पाहिलं आणि म्हणाला, "या. बसा."

ते 'बसा' माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं उतरलं. मी पानं ओट्यावर ठेवली आणि उलट पावली निघालो. सौ.ला सांगितलं, शिष्टाई फसली. तिनं समजूत घातली, की श्रीकृष्णाचीही फसली होती. (त्याच श्रीकृष्णानं आमच्या जिल्ह्यात, कौंडण्यपूरला, बोलण्याच्या भानगडीत न पडता रुक्मिणीला सरळ रथात घालून नेलं होतं, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, दादा रथात मावायचे नाहीत.)

पण त्या रात्री, फासे खोक्यात गेल्यावर, मला ती शिष्टाई पुन्हा आठवली. कौरवसभेत डाव फसल्यावर श्रीकृष्ण तसाच घरी गेला नाही. जाता जाता त्यानं कर्णाला रथात घेतलं आणि तो कुंतीचा मुलगा आहे हे त्याला सांगितलं. कर्ण वळला नाही, ही गोष्ट वेगळी. पण गाठ सुटली, ती नकारानंतर.

"मोठेबाबांचे गुडघे लय दुखते आता," चिरंजीव अंथरुणात पडल्या पडल्या सहज बोलून गेले. "बाहीर नाई जात कोठीच."

नोव्हेंबरात कोषागाराची यादी आमच्या शाखेत येते. निवृत्तांनी आपल्या नावापुढं सही करायची, म्हणजे माणूस हयात आहे असं सरकार धरतं. सव्वीस तारखेपर्यंत दादाच्या नावापुढची जागा कोरी होती. मी दिवसातून तीनदा ते पान उघडून पाही. शेवटी साहेबांची परवानगी काढली, पान पिशवीत घातलं आणि सायकल दादाच्या गल्लीत वळवली. वाटेत काय बोलायचं त्याची उजळणी करत होतो. दारात पोचेपर्यंत सगळं विसरलो.

दादा खाटेवर, गुडघ्याला पट्टा. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"या. बसा."

मी बसलो.

बराच वेळ कोणी बोललं नाही. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं होतं. मग मी पान काढलं, पेन दिलं, जागा दाखवली. त्यानं सही केली. मास्तरची सही, पूर्ण नावानिशी, रेघ मारून. पेन परत देताना त्यानं विचारलं, "यासाठी आले?"

"हाव," मी म्हणालो. "अन् गुडघे कसे हाये ते पाहाले."

वहिनी पाण्याचा गिलास घेऊन आली. मी घेऊ की नको अशा विचारात असताना दादानं तो तिच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"घे," तो म्हणाला. "नळाचं हाये. विहिरीचं नाई."