उंबराचं फूल

मामा फार दिवसांनी घरी आला, की आजी म्हणायची, "उंबराचं फूलच झालास की रे!" उंबराला फूल येतच नाही, असंच मला तेव्हा वाटायचं.

मग एकदा ओढ्याकाठच्या उंबराचं कच्चं फळ नखाने उकललं. आत बारीक फुलांची दाटी! फळ कसलं, तोंड मिटून बसलेला फुलांचा गेंद तो. तोंडाशी सुईच्या अग्राएवढी वाट. त्या वाटेने चिलटाएवढी एक माशी, गांधीलमाशीची दूरची बहीण, अंग चोरून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. अंगावरचा पराग फुलांना देऊन, अंडी घालून ती तिथेच मरते. तिच्या पोटचे बिनपंखी नर पुढे फळाला भोक पाडतात आणि लेकी पराग घेऊन उडतात.

लेकींचं आयुष्य जेमतेम दिवसा-दोन दिवसांचं. माहेरच्या झाडावरची फळं बहुधा एकदमच तयार झालेली असतात. अंड्यांसाठी तिथे कोवळं फळ मिळत नाही. म्हणजे एकटा उंबर, कितीही डेरेदार असला, तरी या माशीचा वंश राखू शकत नाही. पंचक्रोशीतल्या उंबरांनी पाळीपाळीने, आज हा तर उद्या तो, वर्षभर फळत राहावं लागतं. हा बारमाही बहर एका झाडाचा नसतो, सगळ्यांचा मिळून असतो.

पेशी, सजीव, समष्टी, जीवसमुदाय, परिसंस्था, जीवावरण: शाळेत घोकलेला हा जिना मला उंबराखाली उमगला. वरच्या प्रत्येक पायरीवर असं काही असतं, जे खालच्या पायरीवर शोधून सापडत नाही. पिकल्या फळांवर दिवसा हरियाल आणि माकडं येतात, रात्री वटवाघळं. त्यांच्या पोटातून बी रानभर जातं. ओघळलेलं फळ ओढ्यातले मासे टिपतात, पानं कुजून माती होते आणि मातीतलं पाणी पुन्हा मुळांकडे येतं.

म्हणूनच रस्ता रुंद करताना पादुकांचा म्हणून एकच उंबर राखतात, तेव्हा जीव तुटतो. झाड राहतं, गोतावळा जातो. दूरवर दुसरा उंबरच उरला नाही, तर त्याची फळं माशीविना कच्चीच गळतील.

आता उंबर दिसला, की हात जोडण्याआधी मी दुसरा उंबर कुठे दिसतो ते पाहते.