दहा हजारांत एक

वणीस आमच्या दारावरून नाशिककडचे यात्रेकरू सप्तशृंगगडाकडे जातात. गेल्या वर्षीं चैत्रांत त्यांस पाणी देण्याचें काम आमच्या सहा वर्षांच्या नातीनें आपणाकडे घेतलें होतें. तीन दिवसांत ती ओसरीवरच निजूं लागली. यात्रेचा शीण, असें सर्वांनीं म्हटलें, आम्हींही म्हटलें. पायांवर निळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलें, तेव्हां कोठें नाशिकची वाट धरली, आणि तेथून लगोलग मुंबईची. रक्ताचा कर्करोग निघाला. पांढऱ्या पेशींपैकीं अर्धवट वाढलेल्या कोंवळ्या पेशी हाडांतील मज्जेंत बेसुमार माजतात व कामाच्या पेशींस जागा उरूं देत नाहींत, असा हा रोग.

महिनाभर औषधें झालीं. अखेरीस कमरेच्या हाडांतून मज्जा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, ती निर्मळ. फोनवरून ही बातमी वणीस आली तेव्हां देवापाशीं निरांजन लागलें व वहिनींनीं देवीची ओटी भरण्याचा दिवसही ठरविला. पोरीचे केस गेलेले, तोंड आलेलें, सुई टोंचावयास शीर सांपडत नाहीं अशी दशा. "आतां पुरे झालें, तिला घरीं आणा," असें वडीलधाऱ्यांचें मत पडलें. आणि प्रांजलपणें सांगावयाचें तर त्या मताचा पुढाकार आमचाच होता. पुतण्यास तसें बजावण्यासाठीं आम्ही स्वतः मुंबईस गेलों.

तेथें प्रयोगशाळेंतील एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. "आजोबा, दुसरा अहवाल अजून यावयाचा आहे," म्हणून त्यांनीं आम्हांस थांबविलें. आम्हीं जरा तडकून विचारलें, "निर्मळ म्हणजे निर्मळच ना?" बाई मूळच्या खानदेशच्या, गड त्यांच्या माहितीचा. त्या म्हणाल्या, "सूक्ष्मदर्शकाचें निर्मळ म्हणजे शेंकडा पांचांहून कमी. यात्रेच्या दिवशीं पायऱ्यांवरच्या गर्दीकडे दुरून पाहून आपल्या आळींतलीं दोन माणसें तींत आहेत कीं नाहींत, हें तुम्हांला सांगतां येईल का? पण दर्शनबारींत माणूस एकामागून एक सरकतो. तेथें उभें राहिलें तर प्रत्येकाचें तोंड दिसतें."

पुढें त्यांनीं जें समजाविलें, तें आम्हांस उमगलें तितकें देतों. शरीरांत रोगजंतूंशीं झगडणारे जे प्रतिपिंड असतात, ज्यांस डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, त्यांचा गुण असा कीं एक प्रतिपिंड एकाच खुणेस चिकटतो. पेशींच्या अंगावर अशा शेंकडों खुणा असतात. त्यांस सीडी व पुढें एक आंकडा अशीं नांवें देण्याची पद्धत १९८२ सालीं पॅरिसच्या परिषदेंत ठरली. सीडी ३ ही टी-पेशींची खूण, सीडी १९ ही बी-पेशींची. हव्या त्या खुणेचा प्रतिपिंड घ्यावयाचा, त्यास चमकणारा रंग जोडावयाचा, तो मज्जेच्या नमुन्यांत मिसळून पाव तास अंधारांत ठेवावयाचा. मग यंत्रांतील बारीक धारेंतून पेशी एकेक करून लेसरच्या किरणासमोरून जातात, सेकंदास हजारों. जी चमकेल तिचा रंग टिपला जातो, आणि किरण किती विखुरला यावरून ती लहान कीं मोठी, आंतून साधी कीं कणीदार, हेंही कळतें. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका पडतो. यास फ्लो सायटोमेट्री असें नांव आहे.

प्रतिपिंडास चमकता रंग जोडण्याची युक्ति १९४१ सालीं अल्बर्ट कून्स या अमेरिकन डॉक्टरानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केली. अशा चमकणाऱ्या पेशी निवडून काढणारें यंत्र स्टॅनफर्ड येथें लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या मंडळीनें १९७० च्या सुमारास उभें केलें. एकाच खुणेचा शुद्ध प्रतिपिंड हवा तितका तयार करण्याची रीत केंब्रिज येथें कोलर व मिलस्टाईन यांनीं १९७५ सालीं शोधली, व १९८४ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. त्या रीतीचें पेटंट घेतलें गेलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस पारितोषिकाहून मोठी वाटली.

खरी अडचण निराळीच आहे. निरोगी मज्जेंतही बी-पेशींचीं कोंवळीं पोरें असतात. त्यांच्या अंगावरही सीडी १० व सीडी १९ या खुणा असतातच, आणि औषधांनंतर मज्जा पुन्हां भरूं लागली कीं त्यांची संख्या वाढते. चोर आणि घरचें पोर, दोघांचा वेष एकच! म्हणून एका रंगानें भागत नाहीं. आठ-दहा रंग एकदम लावून कोणाच्या अंगावर काय अधिक, काय उणें, तें पाहावें लागतें. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रांत डॉ. प्रशांत टेंभरे प्रभृतींनीं अशा नव्या खुणा पारखल्या, आणि त्यांत सीडी ७३ व सीडी ८६ या विशेष उपयोगी ठरल्याचें २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. इतक्या काळजीनें पाहिलें म्हणजे दहा हजारांत एक रोगट पेशी उरली असली तरी ती हुडकतां येते.

तिसऱ्या दिवशीं अहवाल आला : ०·३ टक्के. म्हणजे हजारीं तीन. बाईंनीं आम्हांस पडदा दाखविला. निळ्या ठिपक्यांच्या थव्यापासून जरासा अलग असा एक तांबडा पुंजका होता; कोणी बोट ठेवल्यावांचून आम्हांस तो दिसलाही नसता. औषधें आतां अधिक कडक द्यावीं लागतील, असें त्या म्हणाल्या. पुतण्या आमच्याकडे पाहत होता. आम्ही काय सांगावयास आलों होतों, हें त्यास ठाऊक होतें. आम्हीं वणीस फोन केला आणि ओटीचा दिवस पुढें ढकला, एवढेंच सांगितलें. वहिनी पुढें कित्येक दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. देवीपेक्षां यंत्रावर आमची श्रद्धा अधिक, असा त्यांचा समज झाला होता.

ते पुढचे दोन महिने लिहिण्यासारखे नाहींत. दुसऱ्या मोजणींत रोगट पेशी एकही आढळली नाहीं. "आढळली नाहीं, इतकेंच म्हणा," असें बाईंनीं आम्हांस बजावलें.

या चैत्रांत पोर पुन्हां ओसरीवर बसली. केस बोटभर वाढले आहेत. रात्रींच्या गोळ्या चालूच आहेत, व त्या संपावयास अजून वर्षाहून अधिक काळ आहे. यात्रेकरू गेला कीं ती खडूनें जमिनीवर एक ठिपका काढी. झेंडा घेतलेल्यांचा तांबड्या खडूनें. दुपारपर्यंत ओसरी भरून गेली. वहिनींनीं ती त्या दिवशीं सारवूं दिली नाहीं. ओटीचें खण-नारळ त्यांच्या पेटींत अद्याप तसेंच आहे.