एक कोरडा जोड

पाऊस म्हणजे काय हें आम्हांस कोणीं शिकवावें, असा आमचा २०१८ सालापर्यंत समज होता. आमचें मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यांतलें. लहानपणचे पावसाळे गळक्या कौलांखालीं पातेलीं मांडण्यांत गेले, आणि पुढें पुण्यास बिऱ्हाड झाल्यावर भर श्रावणांत मोटारसायकलनें घाट उतरण्याचा नाद आम्हां उभयतांस लागला. म्हणून ग्लासगोस राहणाऱ्या धाकट्या बंधूंनीं जेव्हां कळविलें कीं, 'येथें पाऊस फार, मोटारसायकलचा व तंबूचा हट्ट धरूं नका,' तेव्हां आम्ही हंसलों. स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ भागांत कांहीं ठिकाणीं वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण आमच्या महाबळेश्वरीं त्याहून कितीतरी अधिक पडतो. आंकडा आमच्या बाजूचा होता.

आंकड्यांत सांगितलेलें नव्हतें तें एवढेंच कीं, आपला पाऊस कोमट असतो. कोंकणांत आषाढांत भिजणारा मनुष्य पंचवीस अंशांच्या हवेंत भिजतो. तिकडे मे महिन्यांतही सात-आठ अंशांत भिजण्याची पाळी येते, आणि आम्ही तर धांवत्या वाहनावर. हवा ८ अंशांची असतां ताशीं ८० किलोमीटरांचा वारा अंगावर घेतला, तर अंगास ती सुमारें २ अंशांची भासते, असें गणित आहे; आणि तें कोरड्या अंगाचें. ओल्याची गोष्टच निराळी. पाणी हवेच्या सुमारें पंचवीस पट वेगानें अंगांतली ऊब ओढून नेतें.

त्या पहिल्या प्रवासास आम्हीं काय काय नेलें तें सांगावयास आज लाज वाटते. आंत सुती गंजिफ्राक व सुती पायजमे, कारण सूत आपल्याला मानवतें हा पिढीजात विश्वास. निजावयास पिसांनीं भरलेल्या दोन स्लीपिंग बॅगा. त्यांवर उणे पांच असा ठळक आंकडा होता. दुकानदारानें तो बोटानें दाखविला आणि आम्ही निश्चिंत झालों. अशा पिशवीवर दोन आंकडे असतात, एक ज्यावर सुखानें झोंप लागते तो, आणि दुसरा ज्यावर मनुष्य गुडघे पोटाशीं घेऊन रात्र कशीबशी काढतो तो, हें आम्हांस मागाहून समजलें. आमचा ठळक आंकडा दुसरा होता. तंबू असा कीं, आधीं आंतली पातळ खोली उभी करावयाची व मग तिच्यावर बाहेरचें आच्छादन घालावयाचें. कोरड्या देशांत ही रीत सोयीची खरी. सामान कापडी सॅडलबॅगांत, वर पावसाचे बुरखे.

दुसऱ्या दिवशीं रॅनक मूरच्या उघड्या माळावरून ग्लेन कोच्या खोऱ्यांत उतरलों तेव्हां तीन तास एकसारखा पाऊस लागला होता. तंबू ठोकण्याच्या जागीं पोंचलों व सॅडलबॅगांचे बुरखे काढले, तों प्रत्येकांतून तांब्याभर पाणी सांडलें. वरून येणारें पाणी बुरख्यानें अडविलें होतें, पण चाकाखालून उडालेलें आंत सांठवून ठेवलें होतें. आंतली खोली उभी करून वरचें आच्छादन घालीपर्यंत तिच्यांत डबकें झालें. पिसांच्या पिशव्यांपैकीं एक हातांत घेतली तर ओल्या बोळ्यासारखी लागली. पिसें फुगलेलीं असतात तोंवरच त्यांत हवा राहते व ऊब टिकते. एकदां भिजलीं कीं त्यांचा नुसता गोळा होतो.

या सर्व खटाटोपांत सौ.कडे आमचें लक्ष नव्हतें. ती हेल्मेटचा पट्टा सोडवीत होती. तीन वेळां बोटें घसरलीं, आणि ती हंसली. हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. आम्हीं विचारलें, 'फार गारठलीस का?' तर म्हणाली, 'मघां वाजत होती थंडी, आतां बरें आहे.' खरेंच, तिची थरथर थांबली होती. आम्हांस वाटलें, संवय झाली! आम्ही पुन्हां खुंट्या ठोकण्यास वळलों.

शेजारीं एका वृद्ध जोडप्याचें चाकांवरचें घर उभें होतें. त्यांतली बाई सहज बाहेर आली, तिनें सौ.च्या तोंडाकडे पाहिलें, आणि आमच्याशीं एक शब्दही न बोलतां तिला नांव विचारलें, घरीं कोण असतें तें विचारलें, मुलगा केवढा आहे तें विचारलें. सौ.ला उत्तर सुचावयास वेळ लागला. मग ती म्हणाली, 'आठ वर्षांचा.' आमचा मुलगा तेव्हां दहा वर्षांचा होता.

पुढचा अर्धा तास त्या बाईनें जें केलें तें आम्ही विसरणार नाहीं. सौ.ला आंत नेऊन सगळे ओले कपडे उतरविले, कोरडीं पांघरुणें खालीं व वर घालून गुंडाळलें, डोकें झांकलें, आणि ती नीट गिळूं लागल्यावर साखर घातलेला चहा घोटघोट पाजला. आम्ही हातपाय चोळूं लागलों तर हात धरला. थोडी ब्रँडी द्यावी काय, असें आम्हीं जन्मांत प्रथमच विचारलें, तर नुसतें रोखून पाहिलें. दारूनें कातडीकडे रक्त धांवतें, ऊब वाटते, आणि आंतली उष्णता बाहेर जाते. रुग्णवाहिका बोलावण्यासाठीं तिच्या यजमानांनीं फोन हातांतच धरून ठेवला होता. कांहीं वेळानें सौ.ची थरथर पुन्हां सुरू झाली. आम्ही घाबरलों, आणि ती बाई प्रथमच हंसली. थरथर ही देहाची शेगडी आहे; थंडी तशीच असतां ती थांबते तेव्हां ऊब आलेली नसते, सरपण संपलेलें असतें. अंगांतली उष्णता ३५ अंशांखालीं गेली कीं आधीं बोटें जातात, मग जीभ अडखळते, मग हिशेब चुकतो. आणि ज्याचा हिशेब चुकतो त्याला तो चुकल्याचें कळत नाहीं. जोडीदाराला कळावें लागतें. आम्हांस कळलें नव्हतें.

चार वर्षें हा विषय घरांत निघाला नाहीं. २०२२ च्या उन्हाळ्यांत तो सौ.नेंच काढला. 'आपण त्या वाटेनें पुन्हां जायचें,' ती म्हणाली, 'पण सामान मी निवडणार.' माजघरांत सतरंज्या घालून महिनाभर सामानाची मांडामांड चालली होती, आणि आमच्या घरांत चौदा माणसें असल्यामुळें मतेंही चौदा होतीं. वडिलांनीं कांहीं न बोलतां माळ्यावरून आजोबांची घोंगडी काढून आणली. तिच्यामागील तर्क अगदीं बरोबर होता. लोंकर भिजली तरी ऊब सर्वस्वीं सोडीत नाहीं, आणि धनगराची पाठ हें शेंकडों वर्षें जाणते. परंतु दोन माणसें बसलेल्या मोटारसायकलवर तिला जागा कोठली? तिचा गुण मात्र आम्हीं घेतला; सुती कपडा आंतून बाहेरून हद्दपार केला आणि अंगालगत पातळ मेरिनो लोंकरीचे सदरे घेतले.

खरा वाद स्लीपिंग बॅगांवर झाला. पिसांची पिशवी हलकी, आणि दाबली तर दुधाच्या कासंडीएवढी होते. कृत्रिम तंतूंची तेवढ्याच उबेची पिशवी तिच्या जवळजवळ दुप्पट जागा खाते. पण भिजली तर पिळून, झटकून पुन्हां कांहीं तरी ऊब देते. मागें कोणी बसणारें नसेल त्यानें पिसेंच घेऊन तीं जिवापाड जपावीं, असें आम्ही आजही म्हणूं. सौ.नें तंतूंची घेतली, सुखाचा आंकडा शून्य अंशाचा पाहून, आणि जागेसाठीं घडीच्या खुर्च्या, मोठें पातेलें व आमचीं चार पुस्तकें बाहेर काढलीं. पुस्तकांचें दुःख आम्हीं बोलून दाखविलें नाहीं. खालच्या फुगवावयाच्या गादीवर मात्र तिनें सढळ हातानें खर्च केला, व तो योग्य होता. पाठीखालीं पिशवी दबून तिची ऊब जाते, आणि जमीन रात्रभर थंडी पुरवीत असते. गादीच्या थंडी अडविण्याच्या शक्तीस आर नांवाचा आंकडा असतो. तो चाराच्या आसपास असल्याखेरीज तिनें गादीस हात लावला नाहीं.

तंबू असा शोधला कीं बाहेरचें आच्छादन आधीं उभें राहील आणि आंतली खोली त्याच्या पोटांत लटकत असेल, पुढें ओसरीसारखी जागा असेल. इंग्लंड व उत्तर युरोपांतल्या पुष्कळ तंबूंची घडण अशी असते, कारण तेथील माणसांस कोरडी संध्याकाळ गृहीत धरवत नाहीं. त्या ओसरींत ओले बूट, ओले रेनकोट राहतात व दार उघडें ठेवून तेथेंच चहा होतो. बंद तंबूंत स्टोव्ह पेटवूं नये हें आम्हीं मुलांच्या देखत दोनदां मोठ्यानें म्हटलें. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं आणि झोंपेंतला मनुष्य त्यानें मरतो. गॅसचें डबडें प्रोपेन मिसळलेलें घ्यावें, नुसत्या ब्युटेनचें नको. तो उणे अर्ध्या अंशाशीं वायुरूप होणेंच थांबवितो, आणि त्याच्या बराच आधीं रडूं लागतो.

या सगळ्यावर काकू पाटावर बसून लक्ष ठेवीत होत्या. सौ. त्यांस समजावून सांगत होती कीं, काकू, एक जोड असा ठेवायचा, लोंकरीचा सदरा, पायजमा, मोजे, जो दिवसां कितीही ओलें झालें तरी बाहेर काढायचा नाहीं. तो निराळ्या पिशवींत, त्या पिशवीला ओला हात लावायचा नाहीं, तंबू उभारून अंग पुसल्यावरच तो घालायचा, आणि तो घालून पुन्हां पावसांत जायचें नाहीं. काकू म्हणाल्या, 'अगं, मग सोंवळें म्हण कीं! एवढें सांगायला इतका वेळ?'

आम्ही सारे हंसलों, पण त्या हंसल्या नाहींत. त्यांच्या लहानपणीं सोंवळ्याचीं वस्त्रें उंच वलणीवर काठीनें वाळत घातलेलीं असत, आणि मुलाचा हात लागला तर सगळें पुन्हां धुवावें लागे. तें सोंवळें आमच्या घरांतून जाऊन वर्षें लोटलीं. तें माणसांवरही चालत असे, आणि गेलें याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु शिवाशिवीचा हिशेब काकूंच्या बोटांत अजून होता. ओलें व कोरडें एका पेटींत कसें? तंबू सर्वांत ओला, तर तो आंत कां? आधीं लागणारें खालीं कां? तंबू बाहेर मागच्या बाजूस बांधावा, म्हणजे भर पावसांत दुसरी कोणतीही पिशवी न उघडतां तो निघतो, ही युक्ति त्यांचीच. तोंड गुंडाळून बंद करावयाच्या जलाभेद्य पिशव्या तीन रंगांच्या आणल्या होत्या. निळी सोंवळ्याची ठरली, आणि निघेपर्यंत घरांतलें एकही मूल तिच्याजवळ गेलें नाहीं.

सप्टेंबरांत ग्लासगोस पोंचलों. चार्ल्स मॅकिंटॉश याच गांवचा. दोन कापडांमध्यें रबराचा लेप देऊन पाणी अडविण्याचें पेटंट त्यानें १८२३ मध्यें घेतलें. त्याच्याही कितीतरी आधींपासून आपला शेतकरी कामट्यांचें व पानांचें इरलें पाठीवर घेऊन लावणी करीत आला आहे, आणि इरल्याचा एक गुण कोणत्याही भारी रेनकोटांत नाहीं: त्याच्या आंत घाम सांचत नाहीं. आम्हीं भारी कापडाचा मोह सोडून साधा, ढगळ, वरून घालावयाचा पोषाख घेतला व पाऊस लागण्यापूर्वींच तो चढविण्याचा नियम केला.

यंदाची वाट ॲपलक्रॉसची होती. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर उंचीच्या खिंडीवर वळणें घेत चढावें लागतें. ढग इतका खालीं होता कीं, खिंडींतून दिसणारा समुद्र आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं. त्या देशांत २००३ च्या कायद्यानें बहुतेक मोकळ्या जमिनीवर रात्रीपुरता तंबू ठोकण्याची मुभा आहे, मात्र मोटारसायकल रस्ता सोडून आंत नेण्याची नाहीं. म्हणून सामान हातानें वाहिलें. पाऊस थांबला तेवढ्या वेळांत मिज नांवाचीं चिलटें आलीं, तेव्हां पाऊसच बरा वाटला. आच्छादन दहा मिनिटांत उभें राहिलें. ओसरींत ओलें सारें उतरविलें, अंगें पुसलीं, हात पुसले, मग निळी पिशवी. मेतकूट-भात झाला. बाहेर पांच अंश होते. रात्रीं दोनदां जागे होऊन आम्हीं सौ.चे हात चांचपले. दुसऱ्या वेळीं ती म्हणाली, 'अहो, झोंपूं द्या.'

या व्रताचें अवघड अंग सकाळीं असतें, आणि तें आम्हांस कोणींच सांगितलें नव्हतें. ओसरींत कालचे कपडे थंडगार, चिंब लोंबत असतात. अंगावर कोरडी, ऊबदार लोंकर असते. बाहेर तर फक्त भुरभुर. आजच्या दिवस हेंच घालून वर रेनकोट चढविला तर काय बिघडेल, असें मन म्हणतें. आम्हीं तसें बोलूनही दाखविलें. सौ.नें उत्तर न देतां कोरडा जोड उतरविला, घडी करून निळ्या पिशवींत घातला, तोंड तीनदां गुंडाळलें, आणि दांत आवळून तो ओला सदरा डोक्यावरून ओढला. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो लिहितां येण्यासारखा नाहीं. आम्हांसही मग तेंच करावें लागलें.

मोटारसायकल सुरू केली. तिनें हेल्मेट चढवून पट्टा एका झटक्यांत लावला.

'विचारा बरें मला मुलाचें वय,' ती मागून म्हणाली.

आम्हीं विचारलें.

'चौदा. पुढच्या महिन्यांत पंधरा. चला आतां, घाम येईपर्यंत थांबूं नका.'