वाटी हलली पाहिजे

फिजिओथेरपीवाली मुलगी रोज एकच वाक्य म्हणते, "काकू, वाटी हलली पाहिजे." मी पलंगावर पाय लांब करून बसलेली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायची. मांडीचा पुढचा स्नायू आवळला गेला की गुडघ्याची वाटी वर मांडीकडं सरकते. सरकायला हवी. सुरुवातीला मी दातओठ खाऊन जोर लावला, कपाळावर घाम आला, वाटी ढिम्म. दुखत होतं म्हणून नव्हे. पाय माझा, हुकूम माझा, आणि मांडी मात्र हाक मारली तरी मान वर न करणाऱ्या कचेरीतल्या कारकुनासारखी. मुलगी म्हणाली, गुडघ्यात सूज असली की शरीर आपण होऊनच हा स्नायू दाबून ठेवतं, यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. ऐकून फार बरं वाटलं. एरवी या इच्छाशक्तीच्या नावावर लोक काय वाट्टेल ते खपवतात.

निमित्त सोसायटीतल्या बॅडमिंटनचं. पडले नाही, कुणाचा धक्का नाही. पाऊल जमिनीत रोवलेलं आणि बाकीची मी शटलमागं वळलेली. आतून 'टक्' आवाज आला. ही दुखापत बहुतेकांना अशीच, कुणी हात न लावता होते म्हणे. एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं होतं. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून गुडघ्याच्या पोटात आडवातिडवा गेलेला हा दोर. तुटला की सहसा शिवत नाहीत, नवा घालतात. नवा म्हणजे आपलाच, मांडीच्या मागून काढलेला, हाडांत बोगदे पाडून ओवलेला.

भेटायला येणाऱ्यांना हे सांगायचा मी नाद सोडला. त्यांना वाजपेयी आठवतात. २००० साली एक आणि २००१ साली दुसरा, असे त्यांचे दोन्ही गुडघे ब्रीच कँडीत बदलले आणि तेव्हापासून मराठी घरांत गुडघ्याचं कुठलंही ऑपरेशन म्हणजे 'रिप्लेसमेंट'.

मला आठवतो तो आमच्या नायगावच्या चाळीतला दादा. ऐंशीच्या दशकात समोरच्या मैदानात लाल मातीवर कबड्डीचे सामने व्हायचे आणि आम्ही मुली गॅलरीच्या कठड्यात डोकी घालून बघायचो. दादा चढाईला निघाला की मैदान गप्प. वाकून मध्यरेषेला बोटं लावायची, ती कपाळाला, आणि दम सुरू. उजव्या कोपऱ्याकडं जातोय असं दाखवून तो डावीकडं असा काही फिरायचा की साखळीतले दोघे एकमेकांवर आदळायचे. एका संध्याकाळी फिरला आणि खाली बसला. कुणी धरलाच नव्हता. पंचांनी शिट्टीही उशिरा मारली. मोठी इस्पितळं चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण तिथं जायचं ते हाड मोडलं तर. हाड मोडलं नव्हतं. मग हाडवैद्य, आंबेहळदीचा लेप, वर क्रेप बँडेज. सूज उतरली, दादा पुन्हा उतरला आणि पहिल्याच वळणाला गुडघा सटकला. पुन्हा लेप. पुन्हा सटकला. लिगामेंट हा शब्द चाळीत कुणी काढल्याचं मला आठवत नाही. "त्याचा गुडघा गेला," एवढंच. पुढं तो गुणलेखकाच्या टेबलावर बसू लागला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा चाळीनं पेढे वाटले. दादानं जिन्याच्या पायरीवर बसून, एका हातानं गुडघा चोळत, पोरांना चढाईचं वळण समजावलं. पाऊल कधी पूर्ण टेकवायचं नाही, चवड्यावर फिरायचं. तेच वळण. आता अशी ऑपरेशनं ज्या दुर्बिणीनं होतात, ती टोकियोत केंजी टाकागी यांनी १९१८ सालीच मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. नायगावात ती वेळेवर पोचली नाही. हल्ली प्रो कबड्डीत खेळाडू मॅटवर नुसता लंगडला तरी फिजिओ धावत येतो. मला त्या झगमगाटापेक्षा लाल मातीच आवडते, पण तो धावत येणारा फिजिओ मात्र दादासाठी हवा होता.

तर, वाटी हलली. आता लढाई अंशांची. मुलगी प्लास्टिकचा लांब दांड्यांचा कोनमापक लावते. आधी पाय पूर्ण सरळ, शून्य अंश, वाकवण्याचं कौतुक नंतर. पंढरीच्या विठोबाचे गुडघे मी आता फिजिओच्या नजरेनं बघते: पूर्ण शून्य, निर्दोष. नव्वदला खुर्चीत नीट बसता येतं. मांडी घालायला, उकिडवं बसायला त्याच्या कितीतरी पुढं जावं लागतं, आणि आमचं देवघर जमिनीवर आहे.

ऑपरेशनच्या आठवड्यात घर माणसांनी आणि शहाळ्यांनी भरलेलं असतं. नवा दोर मात्र सर्वांत कच्चा असतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. जुनी पेशीरचना मोडून तिथं नवी घडत असते. दुखणं तोवर थांबलेलं, चाल सुधारलेली, म्हणून माणूस उड्या मारायला बघतो. खेळायला किमान नऊ महिने थांबा, असं डॉक्टर सांगतात. त्या मधल्या काळात टॉवेल, पाच अंक आणि भिंत. बेल वाजली तर कुरियरवाला.

तेव्हा ओळखीत कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर दुसऱ्या दिवशी फोन करा आणि भेटायला तिसऱ्या महिन्यात जा. शहाळं नको. समोर बसून पाच अंक मोजा.