युद्धनौकेचा खुंट कोणाचा?

आयएनएस सूरतचे फोटो आपल्या ग्रुपवर अजूनही फिरतात आणि खाली एक प्रश्न हमखास असतो, "भाऊ, थे जहाज रडारवर दिसतच नाई म्हणते, खरं का?"

खरं नाही. दिसते, पण आहे तेवढी मोठी दिसत नाही. १६३ मीटर लांब, ७,४०० टनांची वस्तू गायब कशी होईल? तिच्या बाजू तिरप्या ठेवल्या की रडारच्या लहरी आल्या वाटेने परत न जाता भलतीकडे जातात. शत्रूच्या पडद्यावर ठिपका लहान उमटतो. स्टेल्थचं मुख्य गणित हे.

मंडळी, ही विनाशिका मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधली. २०११ च्या करारातल्या चार नौका म्हणजे विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ आणि शेवटची सूरत. सूरतचा कणा नोव्हेंबर २०१९ मध्ये ठेवला, मे २०२२ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १५ जानेवारी २०२५ ला नौदलात आली. पाच वर्षं लागली. आपल्याकडे संत्र्याचं कलम लावून बहार हाती यायलाही साधारण तेवढंच थांबावं लागते.

सरकार सांगते, ही नौका ७५ टक्के स्वदेशी. आराखडा नौदलाचा, पोलाद आपलं. अभिमान आहेच. पण आपण शेंदूरजनाघाटचे, पन्हेरीवाले. गिऱ्हाईक पानं पाहून कलम घेते, आपण खुंट विचारतो. वर नागपुरी संत्रा असला तरी खाली जंबेरी कशी आहे, यावर झाडाचं आयुष्य ठरते. डिंक्या बुंध्यालाच लागतो ना?

या नौकेचा खुंट पहा. तिला पळवणारी चार गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या कारखान्याची. ब्राह्मोस क्षेपणास्त्र रशियाच्या भागीदारीतलं. हे दोन देश २०२२ पासून एकमेकांशी उघड युद्धात आहेत आणि त्या शहरावर रशियाचे हल्ले झाले. म्हणजे आपल्या जहाजाच्या इंजिनाचं माहेर आणि क्षेपणास्त्राचं माहेर एकमेकांवर तोफा डागत आहेत! उरलेले २५ टक्के असे असतात. आकड्यात कमी, पण ऐन वेळी तेच अडवतात.

दुसरा खुंट हातांचा. अशी नौका आधी ठोकळ्याठोकळ्यांनी बनते. सूरतचे ठोकळे तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाले आणि माझगावला जोडले गेले. ते जोडते कोण? वेल्डर, फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन. समुद्राच्या दाबाखाली टिकेल असा सांधा हातात बसायला वर्षं जातात.

आणि आपल्याकडे? माझा पुतण्या आयटीआय वेल्डर आहे. गेटच्या जाळ्या जोडतो. सोयरिकीच्या बोलणीत घरचे "पोरगा टेक्निकल लाइनमध्ये आहे" म्हणतात, वेल्डर शब्द तोंडातून निघत नाही. पहाटे रस्त्यावर धावणारे पोट्टे वर्दीसाठी धावतात. त्यांना माझा सलाम. पण जहाज चालवणाऱ्याचा सत्कार करणारं गाव जहाज जोडणाऱ्याला मुलगी द्यायला कचरते, हे बरं नाही.

माझगाव डॉक शिकाऊ उमेदवार घेते. आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी वेगवेगळे गट असतात. ही पक्की नोकरी नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. विद्यावेतन थोडं, मुंबईचं भाडं जबर, आणि पुढे ठेकेदाराकडेही राबावं लागू शकते. पण शिकलेला हात कोणी काढून घेत नाही.

ज्यांच्या घरी असा पोरगा आहे, त्यांनी जाहिरात कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. एजंटला एक रुपया देऊ नका. आणि पाहुण्यांसमोर सरळ सांगा, पोरगा वेल्डर आहे.