चितेगावचा ‘टीए’

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालात की वाटेत चितेगाव लागते. कारखान्यांच्या भिंती संपल्या की कापूस आणि मोसंबी. तिथे माझे साडू राहतात. परवा गेलो, तर स्वारी सातबारा पुढ्यात घेऊन बसलेली!

“पोरगा अमेरिकेत. म्हणतो, ‘स्कूल चांगलं आहे.’ इथं बी. ई. झाला, अन् पुन्हा शाळा?”

मला हसू आवरेना. तिकडे विद्यापीठालाही ‘स्कूल’च म्हणतात. कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा तो ‘सॉफोमोर’, तिसऱ्याचा ‘ज्युनियर’. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी! (आपली ‘एटीकेटी’ त्यांना समजावून पाहा म्हणावे.)

“आणखी काय म्हणाला?”

“टीए मिळाला म्हणे. पण प्रवासभत्त्यात फी थोडीच भागते? म्हणून दोन एकर काढतोय.”

मी ताडकन उठलो. “अहो, टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट! खालच्या वर्गांना शिकवायचे, पेपर तपासायचे. त्याचा पगार मिळतो, पुष्कळदा फीसुद्धा माफ होते. आधी त्याला विचारा!”

रात्री फोन लागला. फी माफच होती. साडूंनी सातबाऱ्याची घडी करून तो ट्रंकेत ठेवला. मेव्हणी मात्र अजून कोड्यातच.

“पण दाजी, मग आमचा बाळू तिथं मास्तर, का विद्यार्थी?”