तपकिरी बाटली आणि भरदुपारची बिअर

बिअर जिथे तयार होते तिथेच ग्लासात ओतून देणाऱ्या बारला मायक्रोब्रुअरी म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रकार रुजला तो २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून. जालन्यातून शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेल्या माणसाची बिअरशी ओळख मात्र त्याआधीच झालेली असते.

लहानपणी ती दिसते भंगारवाल्याच्या गोणीतल्या तपकिरी बाटल्यांत. तरुणपणी परमिट रूम येते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिण्यासाठी परवाना सक्तीचा केला, त्याचंच हे अपत्य: काळ्या काचा, जाड पडदा, दिवसाही लागलेला मंद दिवा, चकण्याला खारे शेंगदाणे. वेटर दोनच गोष्टी विचारतो, स्ट्राँग की माइल्ड, आणि चिल्ड चालेल ना. ओळखीचं कोणी बसलेलं नाही ना, हे गिऱ्हाइकाने पडद्याआडून आधीच पाहून घेतलेलं असतं.

मराठवाड्यात बिअरला पाण्याचाही संदर्भ आहे. जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यात, वाळूज औद्योगिक वसाहतीत बिअरचे मोठे कारखाने आहेत आणि एक लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी खर्ची पडतं. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मितीच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्याला तो हिशेब कोणत्याही बारमध्ये आठवतो, आणि आठवावाच.

पुण्यातली मोठी मायक्रोब्रुअरी परमिट रूमच्या अगदी उलट. उघडं अंगण, झाडं, रविवारी दुपारी आई-वडिलांसोबत आलेली मुलंसुद्धा. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. जालन्यासारख्या सळयांच्या गावचा माणूस आधी त्याच निरखतो. मोड आणून वाळवलेले सातू भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, म्हणजे त्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गाळून हॉप्सच्या फुलांसह उकळतात, थंड करून यीस्ट घालतात. ‘हेफेवाइझन’ या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण दोन्ही घातलेलं नसतं. ती यीस्टची करामत. बेल्जियन ‘विट’मध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर पडते. मोसंबीच्या जालना जिल्ह्यातल्या माणसाने तिथे आपली साल सुचवली तर नवल नाही.

या बारची खरी कमाई चवीपेक्षा उजेड ही आहे. पिणं लपवायची गोष्ट राहिली नाही की माणूस घाईने रिचवत नाही. निदान तसं रिचवायचं कारण उरत नाही. पण बिअरला स्वतःला ऊन सोसत नाही. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशाने फुटतात आणि काही मिनिटांत उग्र दर्प सुटतो. भंगारवाल्याच्या गोणीतल्या बाटल्या तपकिरी असत त्या याचसाठी. ग्लासाला तसलं संरक्षण नाही. भर उन्हात टेबल मिळालं तर उठून सावलीतलं मागावं.

बिअर शरीरातलं पाणीही काढते, म्हणून उन्हाळ्यात ग्लासागणिक साधं पाणी प्यावं. राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. तेव्हा परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा.